भूलवाल्या बाईंचं गोड बोलणं

भूलवाल्या बाई गोड बोलायला लागल्या की आम्ही आपापली नाडी चाचपायचो. इंग्लंडातल्या आमच्या मराठी मंडळींत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. एरवी त्यांच्या तोंडी गोड शब्द क्वचितच येई. वेम्बलीच्या हॉलमध्ये गणपतीला कुणी हौसेनं मोदक करून आणले, तर त्यातला एक चावून बाई म्हणायच्या, "उकड चिकट झालीय. नारळ पाकिटातला आहे. पुढच्या वर्षी पेढे आण." कुणी नवी साडी नेसून समोर आली तर, "हा रंग दुकानातल्या दिव्यात बघून घेतलास का?" लोक हसायचे, थोडे दुखावायचेही, पण मनातून निर्धास्त असायचे. बाई टोचून बोलताहेत, म्हणजे आपली प्रकृती ठीक आहे.

त्या लेस्टरच्या एका हॉस्पिटलात भूल द्यायचं काम करत. सत्तरच्या दशकात सोलापूरहून एकट्या आल्या आणि एकट्याच राहिल्या. गोड बोलण्याचं कारण त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. "टेबलावरचा माणूस घाबरलेला असतो. घाबरला की हृदय पळतं, आणि पळणारं हृदय मला नको असतं. म्हणून मी त्याला त्याच्या कुत्र्याचं नाव विचारते, सुट्टीत कुठे जाणार ते विचारते. उत्तर पुरं व्हायच्या आत तो झोपतो. इतकी वर्षं झाली, मी कुणाच्याही कुत्र्याची गोष्ट शेवटपर्यंत ऐकलेली नाही."

एका वर्षी आरतीनंतर ढोल वाजवणारे एक गृहस्थ घाम पुसत खुर्चीत टेकले. दमले असतील असं आम्हाला वाटलं. बाई हातातला प्रसाद खाली ठेवून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. "अहो, तुमच्या गावाला नदी आहे ना? कुठली हो?" आवाज साखरेसारखा. गृहस्थ खुलले आणि नदीचं वर्णन करू लागले. बाईंची दोन बोटं त्यांच्या मनगटावर होती, आणि दुसऱ्या हातानं त्या मला फोन करायची खूण करत होत्या. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा ते घाटापर्यंत पोहोचले होते. हॉस्पिटलातून ते परत आले नाहीत. तेव्हापासून मंडळात एक वाक्य रूढ झालं, अर्धं चेष्टेनं आणि अर्धं भीतीनं: "बाई, हव्या तर शिव्या द्या, पण चौकशी करू नका."

दुसरी सवय बघण्याची. समोरच्या माणसाच्या डोळ्यांकडे त्या उशिरा पोहोचत. आधी मान, मग ओठ, मग नखं. नव्या माणसाला त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "शेवटचं कधी खाल्लंस?" विद्यापीठात शिकायला आलेल्या मुलांना वाटायचं, काय मायाळू बाई आहे. प्रत्यक्षात तो भूल देण्याआधीचा ठरलेला प्रश्न होता आणि तो त्यांच्या जिभेला चिकटला होता. उत्तर आलं की मात्र त्या खरोखरच वाढायच्या. त्यांच्या आमटीत मीठ कमी असे. कुणी तसं म्हटलं तर, "रक्तदाब मोजून देते, मग मीठ माग."

माझं आणि त्यांचं जमायचं ते भांडणामुळे. मी मेडनहेडला राहतो. पेन्शन देणाऱ्या एका कंपनीत माणसं सरासरी किती जगतील याचे हिशेब करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. बाई मला हिशेबनीस म्हणत. "तुला हजारात किती जाणार ते कळतं," त्या म्हणायच्या. "कोण जाणार ते कळत नाही. माझ्यासमोर हजार कधीच नसतात. एकच असतो आणि तो माझ्याकडे बघत असतो." मी म्हणायचो, "बाई, एकावरून निष्कर्ष काढता येत नाही." त्यावर त्या म्हणत, "त्या एकाला जाऊन सांग."

बाई निवृत्त झाल्या त्या वर्षी माझ्या बायकोनं, नंदानं, त्यांना ईस्टरच्या सुट्टीत आमच्याबरोबर इटलीला चला म्हणून गळ घातली. "मी सोलापूरची," बाई म्हणाल्या. "समुद्र मला दुरून पुरे. लेस्टरवाले ऊठसूट स्केगनेसला जातात, तिथेही मी गाडीतच बसते." पण आल्या. ला स्पेत्सिया नावाच्या बंदराच्या गावी आम्ही चार माणसं उतरलो: बाई, नंदा, मी आणि आमची सोळा वर्षांची ईशा, इंग्लंडात वाढलेली, मोडकं मराठी बोलणारी. एक दिवस पोर्तोव्हेनेरेला जाऊन यायचं ठरलं. समुद्रात घुसलेलं जुनं गाव, टोकाला खडकावर चर्च, डोंगरावर किल्ला. बोटीनं जायचं, बोटीनं यायचं. मी वेळांसकट आखणी करून प्रत्येकाला एकेक कागद दिला. बाईंनी तो चष्मा लावून वाचला. "यात लघवीला वेळ ठेवलेला नाही," म्हणाल्या आणि कागद पर्समध्ये टाकला.

त्या हिवाळ्यात नंदाला धाप लागत होती. आमच्या डॉक्टरांनी सौम्य दमा असावा असं सांगून निळा पंप दिला होता. मेडनहेड स्टेशनच्या जिन्यावर ती मधेच थांबायची आणि पर्समध्ये किल्ल्या शोधायची. किल्ल्या पर्समध्येच असत. इकडची थंडी, बसून काम, वय, अशी कारणं आम्ही आपापसांत वाटून घेतली होती. बाईंची आमची गाठ वर्षातून दोनदा पडे, तीही हॉलमध्ये खुर्चीवर बसून. नंदाला चालताना त्यांनी बरेच दिवसांत पाहिलं नव्हतं.

बोट निघाली तेव्हा ऊन होतं, पण वारा चांगला नव्हता. पाणी शिशासारखं दिसत होतं. ईशा कठड्यापाशी फोटो काढत होती. नंदा आणि बाई बाकावर शेजारी बसल्या होत्या आणि मी समोर.  धक्क्यावरून बोटीत चढल्यापासून बाई नंदाच्या मानेकडे बघत होत्या.

"नंदा," त्या म्हणाल्या, "रात्री किती उशा लागतात गं तुला?"

नंदा हसली. "तीन. हे मला महाराणी म्हणतात. एका उशीवर झोपलं की घुसमटल्यासारखं होतं."

"असं होय," बाई म्हणाल्या. मग त्यांनी नंदाचा हात आपल्या मांडीवर घेतला, बांगडी बघितल्यासारखी केली, आणि मी कधी ऐकला नव्हता इतक्या मऊ आवाजात विचारलं, "तुमच्या वाईच्या घरी अंगणात फुलं कुठली होती गं, बाळा?"

 नंदा पारिजातकाचं सांगू लागली. सडा पडायचा, ती आणि तिची ताई वेचायच्या. बाई "हो का, अगंबाई" म्हणत होत्या. बोटं मनगटावरून हलली नव्हती. समोर गाव दिसायला लागलं होतं. पाण्याच्या काठाला एकमेकींना खेटून उभी असलेली उंच, अरुंद घरं, गुलाबी, पिवळी, शेंदरी. ईशा म्हणाली, "आई, बघ, कसला क्यूट गाव आहे." मला ती घरं दात आवळून उभी असल्यासारखी दिसली.

धक्क्यावर उतरल्यावर नंदा सरळ चर्चच्या वाटेला लागली. बाई एका बाकावर बसल्या. "माझे गुडघे गेले. नंदा, तू थांब गं माझ्यासोबत. हे दोघं येतील जाऊन."

"अहो बाई, सकाळी तर हॉटेलचा जिना चढलात की."

"तेव्हाच गेले."

"मग हे थांबतील तुमच्यापाशी. मला वर जायचंय. मी इटलीत बाकावर बसायला आले का?"

"हिशेबनीसाशी मी काय बोलू? पेन्शन?" बाई हसून म्हणाल्या. "थांब ना, राणी. मला तुझ्याशी गप्पा मारायच्यात."

त्या वडीलधाऱ्या, नंदाला नाही म्हणवेना. ती फणकाऱ्यानं बसली. बाईंनी मला पाणी आणायच्या निमित्तानं चार पावलं बाजूला नेलं. आवाज एकदम नेहमीचा झाला. "पोरीला घेऊन वर जा आणि लवकर ये. ही चढली तर हिला खाली आणायला चार माणसं लागतील. दमा नाही हा. हृदय आहे."

"तिला सांगूया ना मग."

"इथे? घाबरली तर आत्ताच पडेल. आज तिला बसवून ठेवायचं, टॅक्सीनं हॉटेलवर न्यायचं. उद्या मी सगळं सांगते."

"बाई, शक्यता किती आहे?"

"ते तुझ्या ऑफिसात," त्या म्हणाल्या आणि बाकाकडे वळल्या. तिथे पोहोचेपर्यंत त्यांचा चेहरा पुन्हा हसरा झाला होता.

मी ईशाबरोबर वर गेलो, कारण न जाणं नंदाला विचित्र वाटलं असतं. चर्च काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं होतं. शेजारच्या कमानींतून खाली समुद्र दिसत होता. तो खडकावर आपटत होता आणि प्रत्येक लाटेनंतर पायाखालची फरशी किंचित हादरत असल्याचा भास होत होता. सूर्य ढगाआड गेला होता. दूर पाण्यावर पावसाचा पडदा उभा होता. "बाबा, आई का नाही आला?" ईशानं विचारलं. मी म्हटलं, बाई दमल्या. "बाईंनी तिचा हात का धरलाय सगळा वेळ?" मुलांच्या नजरेतून काही सुटत नाही. मी तिला किल्ल्याकडे बोट दाखवून त्याची माहिती सांगू लागलो. तिनं माझ्याकडे बघितलं आणि कॅमेरा पिशवीत ठेवून दिला. "लेट्स गो डाउन," ती म्हणाली.

खाली आलो तर बोटीच्या तिकीटखिडकीवर पाटी उलटी टांगली होती. लाटा वाढल्यामुळे बोटी बंद. सगळी गर्दी बसच्या थांब्याकडे निघाली होती. थांबा गावाच्या वरच्या अंगाला होता. वाट चढाची, पण मोठी नव्हे. मेडनहेडला आमच्या गल्लीत असतो तेवढा चढ. पावसाचे थेंब सुरू झाले होते. "गर्दी जाऊ दे," बाई म्हणाल्या. "मी त्या कॅफेवाल्याला टॅक्सी बोलवायला सांगते. तू बस हं, सोनू." नंदाचा हात थोपटून त्या कॅफेच्या दारापर्यंत गेल्या.

नंदा आम्हाला बघून उठली. दिवसभर बसून कंटाळलेली, त्यात बस चुकेल ही धास्ती. तिनं पिशवी खांद्याला लावली. मी म्हटलं, "नंदा, थांब, बाई टॅक्सी आणताहेत."

"टॅक्सी कशाला? सगळे जाताहेत ना? मला काय झालंय, मी काय पेशंट आहे?" असं म्हणून ती गर्दीत शिरली.

मी हाक मारत तिच्या मागे गेलो. ती अर्ध्या चढावर थांबली. या वेळी तिनं किल्ल्या शोधल्या नाहीत. भिंतीला हात लावून ती खोकू लागली, मग खाली बसली. तिच्या ओठांचा रंग मी तोवर कुठल्याच जिवंत माणसाच्या ओठांवर पाहिलेला नव्हता. तिच्या श्वासात पाणी उकळल्यासारखा आवाज येत होता.

भोवती लोक जमले. एका इटालियन बाईनं आपला कोट जमिनीवर पसरला आणि नंदाला आडवं करायला लागली. तेवढ्यात ज्यांचे गुडघे सकाळी गेले होते त्या आमच्या बाई तो चढ धावत आल्या. त्यांनी त्या बाईचा हात धरून बाजूला केला, नंदाला पायरीवर ताठ बसवलं, पाय खाली सोडायला लावले आणि स्वतः तिच्या मागे बसून तिच्या पाठीला आपली छाती लावली. आडवं केलं असतं तर ती आपल्याच छातीतल्या पाण्यात बुडाली असती, हे मला नंतर कळलं. मग त्यांनी पर्समधली लघवीवाटे अंगातलं पाणी उतरवणारी स्वतःची गोळी काढली, रक्तदाबासाठी त्या घ्यायच्या ती, आणि नंदाच्या तोंडात घातली.

"हं, मग पारिजातकाचं काय म्हणत होतीस?" बाईंचा आवाज दुधावरच्या सायीसारखा. "सडा कोण वेचायचं?"

"मी," नंदा म्हणाली. श्वास. "ताई." श्वास.

"आणि परडी कुणाची मोठी?" मग त्याच आवाजात, नजर नंदाच्या ओठांवरून न हलवता, "हिशेबनीस, कॅफेवाल्याला ॲम्ब्युलन्स बोलवायला सांग, राजा."

त्यांनी मला राजा म्हटलं तेव्हा मी नंदाकडेच बघत राहिलो. ईशाच धावत गेली.

पाऊस पडत होता. कुणीतरी आमच्यावर छत्री धरली. बाई प्रश्न विचारत राहिल्या, नंदा एकेका शब्दानं उत्तर देत राहिली, आणि प्रत्येक उत्तराला उशीर होत गेला. मी मनात हिशेब करू पाहत होतो, वाट किती, गाडीचा वेग किती. पण आकडे जागेवर राहत नव्हते. गाडी आली तेव्हा परडी ताईचीच मोठी होती इथवर गोष्ट आली होती. स्ट्रेचरवर झोपवायला बाईंनी नकार दिला. नंदाला बसवूनच नेलं. गाडीत चढवताना बाईंनी तिला विचारलं, "मग तुझ्या परडीत काय असायचं?" दार बंद झालं. उत्तर मला ऐकू आलं नाही.

ती वाचली. ला स्पेत्सियाच्या हॉस्पिटलात त्या संध्याकाळी छातीतलं पाणी उतरलं. हृदयाची एक झडप आक्रसून चिमटीएवढी झाली होती. लहानपणी वाईला नंदाचे सांधे सुजायचे, एक बरा झाला की दुसरा. त्याआधी घसा दुखून ताप यायचा. घरच्यांनी वाढीचं दुखणं म्हणून लेप लावले होते. त्या तापानं सांधे सोडले होते पण हृदय धरलं होतं. हे सगळं बाईंनी बाकावर बसून, फुलांच्या आणि शाळेच्या गप्पांतून आधीच काढून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बाई माझ्याजवळ बसल्या. मी त्यांना हात जोडले. त्यांनी ते खाली ढकलले.

"मी चुकले," त्या म्हणाल्या. "तिला सकाळीच स्पष्ट सांगायला हवं होतं, नंदा, तू आजारी आहेस, उठायचं नाही. ती उठली नसती. पण जन्मभर मी टेबलावरच्या माणसाशी बोलले. त्याला खरं नाही सांगितलं तरी चालतं. तो उठून बसला जात नाही."

"बसला?" मला कळलं नाही.

"बस पकडायला."

इंग्लंडला परतल्यावर ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत बाई आमच्याकडे येऊन राहिल्या, आणि त्यांनी नंदाशी गोड बोलणं पूर्ण बंद केलं. समोर बसवून कागदावर हृदय काढलं, कुठे कापतील, काय बसवतील, कशानं मरू शकतेस, सगळं सांगितलं. मी मधे पडलो तर म्हणाल्या, "तू गप्प बस. हृदय तिचं आहे." नंदा रडली, मग तिनं प्रश्न विचारले, मग ती रात्री माझ्यापेक्षा शांत झोपली. सर्जननी मला धोक्याचा आकडा सांगितला. असे आकडे मी रोज लिहीत होतो. तो मी खिशात ठेवला आणि त्याचं काय करायचं ते मला सुचलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी बाई हॉस्पिटलात आल्या नाहीत. "मी आले तर त्या भूल देणाऱ्या पोराच्या हातांवर नजर ठेवीन. त्याचे हात थरथरतील." त्या आमच्या स्वयंपाकघरात बसून राहिल्या. सगळं नीट झाल्याचा माझा फोन गेला तेव्हा त्यांनी ते मला दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "तुमच्या घरात एक सुरी धड नाही," आणि फोन ठेवला.

नंदाला धातूची झडप बसवली होती. ती वाजते. घर शांत असलं की तिच्या छातीतून बारीक टिकटिक ऐकू येते. पहिल्या आठवड्यात मला झोप लागेना. प्रत्येक टिक ऐकली की पुढची येईल ना, असं वाटे. मी बाईंना म्हटलं, या आवाजाची सवय कशी करायची? त्या भाजी निवडत होत्या. "सवय करूच नकोस," त्या म्हणाल्या. "आणि वाजतंय तोवर तक्रारही करू नकोस."

बाई काही वर्षांनी गेल्या, लेस्टरला, आपल्या घरी. आजार त्यांना बरेच महिने आधी कळला असणार. सांगितला कुणालाच नाही. शेवटच्या गणपतीत त्यांनी नंदाच्या मोदकांना नावं ठेवली होती आणि माझ्या वाढलेल्या पोटाला. त्यांच्या मानेकडे, नखांकडे आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. बघायचं ते त्या, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडजवळच्या एका हॉलमध्ये शोकसभा झाली. ज्यांना त्यांनी बोलून घायाळ केलं होतं ती सगळी माणसं आली होती. त्यांच्या हॉस्पिटलातल्या नर्स आल्या होत्या. भाषणं झाली आणि मग दोन मिनिटं उभं राहायचं ठरलं. खुर्च्या सरकल्या, खोकले थांबले, बाहेरची रहदारीही कशी कोण जाणे कमी झाली. आणि त्या शांततेत टिकटिक ऐकू येऊ लागली. बारीक, सारखी, घाई नसलेली. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मनगटावरचं घड्याळ कानाला लावून पाहिलं. एक नर्स भिंतीवर घड्याळ शोधू लागली. माझ्या शेजारी नंदानं ओशाळून छातीवर पदर घेतला आणि त्यावर दोन्ही तळवे दाबून धरले.

मी तिचे हात हळूच खाली घेतले.